उसन्या श्रीमंतीची वरात

पार्टीच्या गाण्यातला नायक पोटापाण्याचं काय करतो, हे काही कळत नाही. गाडी लांबलचक, घड्याळ सोन्याचं, प्रेम सकाळपर्यंतचं. पगाराचा मात्र पत्ता नाही. रायपुरात तो भेटतो व्हीआयपी रोडवर, लग्नसराईत, नवरदेवाच्या मित्रांमध्ये. रात्री काळा चष्मा. गाडी भाड्याची, पण इन्स्टावर स्वतःची. धुमाल बँडवाल्यांवर तो ज्या दहा-दहाच्या नोटा उधळतो, त्यांचं बंडल बाबांनी निघताना खिशात कोंबलेलं. असा हा बिनधास्त गडी, आईचा फोन आला की मात्र बँडपासून लांब, जनरेटरच्या आडोशाला जातो आणि म्हणतो, "हो गं, निघालोच!"

गाणी तरी स्वतःची कुठे? 'दिल्ली 6'मधलं गेंदा फूल छत्तीसगढी लोकगीतावर बेतलेलं, ते आपल्या घरचंच. पण डीजेवर वाजतं ते त्याच नावाचं, रॅपर बादशाहचं, 2020 सालचं. त्यातल्या बंगाली ओळी बड्या घरच्या लेकीवरच्या, आणि त्या लिहिणारे बीरभूमचे रतन कहार आयुष्यभर गरिबीत. गाणं गाजलं तेव्हा त्यांचं नावही नव्हतं. ओरडा झाला, मग बादशाहनं पाच लाख पाठवले. श्रीमंतीचं गाणंसुद्धा गरिबाकडून उसनं आणावं लागतं म्हणायचं!

आमची ज्येष्ठ मराठी मंडळी, म्हणजे कुणाचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या मागून आलेले, कुणाचे रेल्वेच्या नोकरीत, जेवणाच्या रांगेत हळहळतात, "काय हा थिल्लरपणा! आमच्या वेळी असं नव्हतं." नव्हतं कसं? इथल्या धानाच्या शेतात पोरं-पोरी ददरिया गात एकमेकांना भर दुपारी डिवचत आलीच आहेत. त्यात सवाल-जवाब होता, पोरगी भरपूर ऐकवायची. डीजेच्या गाण्यात तिला फक्त कंबर असते, तोंड नसतं. शिवाय ददरियाला पैसा लागत नव्हता. मंडळींना खटकलं असेल तर बहुधा तेच. बाकी लावणीला ती पुढच्या खुर्च्या पकडतातच.

तर अशी ही बंडखोरी रात्री दहापर्यंत रंगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत, डीजेच्या गोंगाटाची दखल बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं स्वतःहून घेतली आहे, त्यामुळे दहाच्या ठोक्याला हवालदार हजर. 'कुणाच्या बापाला भीत नाही' असा आवेश असलेली टोळी एकदम बापाकडे बघते. बाबा फेटा सावरत पुढे होतात, हात जोडतात, "साहब, बस एक गाना और."