सरफोजी महाराजांना, व्हॅक्यूम क्लीनरच्या संदर्भात

श्रीमंत सरफोजी महाराज भोसले (दुसरे),
मुक्काम दरबार हॉल, राजवाडा, तंजावर
यांचे सेवेशी

मेल राज वीधीवर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली पत्रं ज्यांना लिहायची त्यांना लिहून झाली. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्यांनी प्रत्येक पत्राची पोच दिली, माझी तक्रार त्यांना फार मोलाची वाटते असं कळवलं, आणि मोलाची वस्तू म्हणून ती बहुधा तिजोरीत ठेवून दिली. आपण निदान हात जोडून उभे आहात. शिल्पकार फ्लॅक्समनने आपल्याला संगमरवरात तसं घडवलं तेव्हा त्याच्या मनात भक्तिभाव असेल, पण ग्राहकाचं म्हणणं इतक्या नम्रपणे ऐकून घेणारा दुसरा कुणी मला या गावात सापडला नाही.

शिवाय आपण जाणकार. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हेबर आपल्या भेटीला आले तेव्हा बरोबरच्या मंडळींनी काय काय पाहिलं ते लिहून ठेवलं आहे. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत हस्तिदंती सांगाडा होता, वीज निर्माण करायचं यंत्र होतं आणि हवा उपसणारा पंपही होता. म्हणजे या गावात पोकळीचं यंत्र आणणाऱ्यांत आपण माझ्या फार आधीचे ग्राहक. अशा पंपाचा त्या काळचा ठरलेला प्रयोग आपल्याला ठाऊक असेलच: काचेच्या हंडीत घंटा वाजत ठेवायची आणि हवा काढत जायची, की आवाज क्षीण होत होत नाहीसा होतो. दोनशे वर्षांत शास्त्र इतकं पुढे गेलं आहे महाराज, की हल्लीच्या पोकळीच्या यंत्राने शेजारच्या घरातली घंटासुद्धा ऐकू येत नाही.

पाळीव प्राण्यांचा आणि पोकळीचा संबंधही जुना. डर्बीच्या जोसेफ राइटने १७६८ साली एक चित्र काढलं. हंडीत पांढरा काकाकुवा कोंडला आहे, वर शास्त्रज्ञ झडपेवर हात ठेवून उभा, आणि पक्ष्याचा जीव जाणार की राहणार म्हणून पोरी रडवेल्या झाल्या आहेत. माझ्या घरी पिशवीतून यंत्र बाहेर निघतं तेव्हा साधारण हेच दृश्य असतं. काकाकुव्याच्या जागी कुत्रा, आणि तो हंडीत नसून कपाटावर चढायच्या प्रयत्नात.

कुत्र्याचं नाव राजा आहे. यात आपला अवमान नाही. जातीने राजपाळयम, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा, स्वभावाने कुठल्याही संस्थानिकाला शोभेल असा आळशी. लांब केसांचं कुत्रं परवडलं, त्याच्या केसांचे गोळे तरी होतात आणि हाताने उचलता येतात. राजाचे केस आखूड, ताठ आणि टोकदार. ते कोरै गवताच्या चटईच्या विणीत आडवे न पडता उभे रुततात. आमची फरशी जुनी, लाल ऑक्साईडची, त्यामुळे एकेक केस खडूने ओढल्यासारखा दिसतो. मांजरीचं नाव चिन्नी, ती करडी आहे. म्हणजे गडद साडीवर राजा आणि फिकट साडीवर चिन्नी, अशी दोघांनी माझ्या कपाटाची वाटणी करून घेतली आहे.

तर यंत्र घ्यायला दुकानात गेले. मी विचारलं, कुत्र्याचे केस निघतात का? मुलगा म्हणाला, “अम्मा, दोन हजार वॅट!” मी विचारलं, पिशव्या मिळतात का? तो म्हणाला, “दोन हजार वॅट!” त्या मुलाला दोष नाही, त्याला तेवढंच शिकवलेलं. पण वॅट हा यंत्राच्या भुकेचा आकडा आहे, कामाचा नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० वॅटच्या वरची यंत्रं बाजारातून हटवली आणि २०१७ मध्ये मर्यादा ९०० वर आणली, तरी तिथल्या घरांचे उकिरडे झाल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे मात्र खोक्यावर सगळ्यात मोठ्या टायपात वॅटच छापतात, कारण ग्राहकाला मोठा आकडा दिसला की समाधान होतं आणि विजेचं बिल नंतर येतं.

आणि त्या सगळ्या गर्जनेतून किती पोकळी निर्माण होते? चांगलं घरगुती यंत्र नळीचं तोंड बंद केलं तर हवेच्या दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा ओढून दाखवतं. आपला तो हाताने चालवायचा पंप हंडीतली बहुतेक हवा काढत असणार. केस उचलायला खरं तर एवढी ओढही लागत नाही, हवा भरपूर वाहावी लागते, आणि ती पिशवी अर्धी भरल्यावरही वाहावी लागते. हे युरोपातल्या शहाण्यांनाही उशिरा सुचलं. त्यांनी ऊर्जेच्या दर्जाची चिठ्ठी यंत्रांवर डकवली होती, आणि चाचणी घेतली होती रिकाम्या पिशवीने. एका उत्पादकाने खटला भरला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला. रिकाम्या पिशवीने सगळेच उत्तीर्ण होतात, महाराज. शिक्षिका म्हणून सांगते, परीक्षेत रिकाम्या पिशव्यांना मीही पुष्कळ मार्क दिले आहेत.

दुकानातलं प्रात्यक्षिकसुद्धा पाहण्यासारखं असतं. गालिच्यावर खायचा सोडा सांडतात आणि एका फटक्यात उचलून दाखवतात. सोड्याने माझ्या घरी कधी अंग खाजवलेलं नाही. मी पिशवीतून राजाचे केस नेले होते, ते त्या गालिच्यात चपलेने रगडले आणि म्हटलं, आता काढ. मॅनेजर जेवायला गेले आहेत असं कळलं.

घरी लाल फरशीवर वेगळीच गंमत होते. जमिनीवरून ओढायच्या बुटक्या यंत्राला मागे हवा सोडायला झरोका असतो. पुढे नळी केसाकडे सरकते, मागून वारा सुटतो, आणि कोपऱ्यातले केस उठून झोपाळ्याखाली स्थलांतर करतात. फिरता ब्रश लावला तर तो कडक फरशीवर केस उचलायच्या आधी भिरकावतो आणि उरलेले स्वतःला गुंडाळून घेतो. दोन्ही टोकांना बेअरिंगपाशी केसांची दोरी वळली जाते, मग ती शिवणाची उसवणी घेऊन कापत बसा. फरशीला साधं, मऊ कडेचं तोंड पुरतं. फिरता ब्रश हवा गादीला आणि सोफ्याला, तोही स्वतःच्या मोटरवर फिरणारा. नुसत्या वाऱ्यावर फिरणारा असेल तर गादीवर दाबताच त्याचा दम जातो. सोफ्याचं निम्मं काम तर भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून फिरवला की होतं. पण तो हातमोजा कुठलीही कंपनी हप्त्याने विकत नाही.

आता शिंकांविषयी. माझी सून शिंकते आणि दोष राजाच्या केसांना देते. तिला शास्त्र सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून आपल्याला सांगते. मांजरीची ॲलर्जी मुळात केसाने होत नाही. ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन तिच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत असतं. ती अंग चाटते, लाळ वाळते, तिचा बारीक कोंडा होतो आणि तो तासन्‌तास हवेत तरंगतो. कुत्र्याचाही असाच माल असतो. म्हणजे केस उचलणारं यंत्र डोळ्यांचं समाधान करतं. नाकासाठी फिल्टर लागतो. खरा एच-१३ दर्जाचा हेपा सगळ्यात निसटत्या मापाचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. बाजारात मात्र ‘हेपा टाइप’, ‘हेपा तंत्र’ असे त्याचे मानलेले भाऊ फार. आणि फिल्टर अस्सल असला तरी झाकणाला रबराची पट्टी नसेल तर हवा फटीतून बाहेर पडते, तोच कोंडा घेऊन. बिनपिशवीच्या यंत्राचा डबा पारदर्शक असतो, केवढा कचरा निघाला ते बघून जीव सुखावतो, आणि तो डबा केराच्या बादलीत उपडा केला की निम्मं सुख परत नाकात येतं. ज्या घरात कुणी शिंकतं त्या घराने पिशवीचंच यंत्र घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिंकांवरून आठवलं. हातात धरून चालवायचं, विजेवरचं पहिलं यशस्वी यंत्र जेम्स स्पँग्लर नावाच्या माणसाने बनवलं, १९०७ च्या सुमारास, अमेरिकेत ओहायो राज्यात. तो झाडू मारायचा आणि त्याला दमा होता. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि धंदा हूवरच्या हाती गेला. धाप लागणाऱ्या झाडूवाल्याने आपल्या फुप्फुसांसाठी केलेल्या वस्तूचं पुढे वॅटचं प्रकरण झालं ते असं.

मध्यंतरी भाचा चेन्नईहून आपला रोबो घेऊन आला. हा आपोआप फिरतो, आत्या, तुम्ही फक्त झोपाळ्यावर बसा, म्हणाला. रोबो पहाटे सुटला आणि पहिल्या फेरीत देवघरासमोरचं कोलम तांदळाच्या पिठासकट गिळून परत आला. मग कोनाड्याखालच्या स्टुलाला धडकला. स्टुलावर आमची मान डोलावणारी तंजावरी बाहुली. तो धडकत राहिला, ती होकार देत राहिली, आणि चिन्नी त्याच्यावर स्वार होऊन हे सगळं तपासत होती. राजाने त्या दिवशी पोट बिघडवून घेतलं नाही हे आमचं नशीब. पाश्चात्त्य देशांत रोबोने कुत्र्याची घाण घरभर सारवल्याच्या कथा इतक्या झाल्या की आयरोबॉट कंपनीने २०२१ मध्ये घाण ओळखून वळसा घालणारं मॉडेल काढलं आणि ते चुकलं तर बदलून देऊ असं वचन दिलं. माणसाच्या जातीने चंद्रानंतर गाठलेला हा टप्पा आपल्या कानावर घालावा म्हणून लिहिलं.

ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांतल्या पावसात तर सगळ्याच यंत्रांची परीक्षा असते. दमट केस, धूळ आणि शुक्रवारच्या सांब्राणीचा धूर मिळून फिल्टरवर नमदा तयार होतो. पुस्तिका म्हणते, फिल्टर धुऊन चोवीस तास वाळवा. ती पुस्तिका लिहिणाऱ्याने कावेरीकाठचा नोव्हेंबर पाहिलेला नाही. चोवीस तासांनी तो फिल्टर अजून ओला असतो आणि वर बुरशीचा वास धरतो. तो तसाच बसवला तर मोटरला घरघर लागते. त्यामुळे फिल्टर एक न घेता दोन घ्यावेत, आणि दुसरा मिळत नसेल तर यंत्रच घेऊ नये.

यावरून हमीपत्राकडे येते. या विषयात आपला अनुभव माझ्याहून मोठा. ऑक्टोबर १७९९ मध्ये आपण ईस्ट इंडिया कंपनीशी करार केलात. कारभार कंपनीकडे, किल्ला आपल्याकडे, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. मघाच्या पोकळीतही हाच आकडा होता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. कंपन्यांना तो आवडत असावा. माझ्या हमीपत्राचा मसुदा त्याच कारकुनाच्या वंशजाने लिहिला असणार. मोटरला पाच वर्षं हमी. पण ब्रश, पट्टा, नळी, फिल्टर, बॅटरी आणि ‘प्राण्यांच्या केसांमुळे झालेली हानी’ हमीबाहेर. खोक्यावर कुत्र्याचं चित्र छापून यंत्र विकायचं, आणि कुत्रा घरात आहे म्हणून हमी नाकारायची! आपल्याला निदान किल्ला राहिला, महाराज. माझ्याकडे खोकं राहिलं.

सर्व्हिस सेंटर तिरुचीला, साठेक किलोमीटरवर. पट्टा चेन्नईहून येणार, तो कधी येणार हे चेन्नईलाच ठाऊक. शेवटी यंत्र बगलेत मारून आमच्या गल्लीतल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नेलं. तिथला माणूस शेतातले पंप, ग्राइंडर, मिक्सर दुरुस्त करतो. त्याने स्क्रू काढले, आत फुंकर मारली (राजाचे केस त्याच्या मिशांवर स्थिरावले) आणि म्हणाला, “अम्मा, ही तर मिक्सरचीच मोटर. कार्बन झिजलाय.” कार्बनचे दोन नवे तुकडे, थोडं पॉलिश, काम झालं. बिनवायरच्या यंत्राचं काय, विचारलं. त्याने हात झटकले. आत सगळं सर्किट, बॅटरी आमच्या उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण जोरावर ठेवलं तर एक खोली झाडून होईतो संपते. ज्याला गावात कुणी उघडू शकत नाही ते यंत्र भरवशाचं नाही, असा त्याचा निकष. खरेदीला निघालेल्या कुणालाही मी आता दुकानाच्या आधी याच माणसाकडे पाठवते.

आपण धन्वंतरी महालात माणसांवर आणि जनावरांवर उपचार केलेत आणि रुग्णांच्या नोंदी ठेवल्यात. डोळ्यांच्या रोग्यांची कागदपत्रं चित्रांसकट अजून सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. माझी मागणी माफक आहे. आपल्या मुद्रेने एक हुकूम निघावा, की यापुढे प्रत्येक व्हॅक्यूम क्लीनरची अशीच रोग्यासारखी नोंद राहावी: कुठल्या घरात गेला, कुत्र्यापाशी की मांजरापाशी, कितव्या पावसाळ्यात धाप लागली, कुणी उघडला, सुटा भाग किती दिवसांत आला. हुकूम १८०३ च्या आपल्या शिलालेखासारखा बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरायची गरज नाही. तिथे आपल्या घराण्याचा इतिहास आहेच, त्यात माझ्या पट्ट्याची भर कशाला. खोक्यावर वॅटच्या आकड्याखाली छापला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक,
एक पेन्शनर (पॅगोडा मिळत नाहीत)

ता. क. दुकानातून आत्ताच निरोप आला. मागवलेल्या पिशव्या पोचल्या आहेत. दुसऱ्या मॉडेलच्या आहेत, पण कात्री लावली की बसतील, असं मॅनेजरचं म्हणणं.