फूट, बूट आणि उपान्त्य अक्षर

इंग्रजी वर्णमालेत स्वरांची अक्षरे ५ असली, तरी लंडनकडील प्रमाण उच्चारात १२ साधे स्वर आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारे ८ संयुक्त स्वर मोजण्याची पाठ्यपुस्तकांची परंपरा आहे. म्हणजे पाच खोल्यांत वीस बिऱ्हाडे, हा जो प्रकार गिरगावातल्या चाळींनाही जड गेला असता, तो इंग्रजीने बिनतक्रार निभावून नेला आहे. या दाटीतली बिऱ्हाडे वेगळी ओळखण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ लघुतम युग्मे वापरतात, म्हणजे एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या. त्यांपैकी ‘शिप’ आणि ‘शीप’, अर्थात जहाज आणि मेंढी, ही जोडी इतकी गाजली की ॲन बेकर यांच्या १९७७ सालच्या उच्चारविषयक पुस्तकाचे नावच तिच्यावर बेतलेले आहे.

मराठी भाषक जहाजाची मेंढी करतो तेव्हा त्याला निष्काळजी ठरवले जाते. वस्तुतः तो नको तितका आज्ञाधारक असतो. तत्सम शब्द वगळता मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार-उकार दीर्घ होतो आणि प्रत्यय लागताना सामान्यरूपात तोच ऱ्हस्व होतो : फूल, पण फुलाला, पीठ, पण पिठात. हा कायदा पाहुण्यांनाही सवलत देत नाही. इंग्रजीत ‘पाऊल’ या अर्थाच्या शब्दातला उकार ऱ्हस्व आणि पादत्राणातला दीर्घ. मराठीत मात्र मोजमापाचा ‘फूट’ आणि पायातला ‘बूट’ यमक जुळवून बसतात, आणि ‘फुटाने’, ‘बुटात’ म्हणताच दोघेही एकदम आखडतात. याच न्यायाने ‘शीप’ला मराठीचे नागरिकत्व दिले, तर ‘शिपाला चारा घाला’ या वाक्यातला चारा सरळ बंदरावर जाईल.

ऱ्हस्व-दीर्घ सुधारूनही गाडे फारसे हलत नाही, कारण खरा भेद जिभेच्या जागेचा आहे : मेंढीसाठी ती उंच, पुढे आणि ताठ राहते, तर जहाजासाठी किंचित खाली येऊन सैलावते. त्यातच प, ट अशा अघोष व्यंजनांपूर्वी इंग्रजी स्वर आखूड होत असल्याने ‘बीट’मधला दीर्घ स्वर ‘बिड’मधल्या ऱ्हस्वाच्या जवळपास येऊन ठेपतो, तेव्हा पहिली वेलांटी की दुसरी यावर हयात घालवणाऱ्या मुद्रितशोधकाचा अनुभव येथे कवडीच्या कामाचा नाही.

बॅट आणि बेट यांच्या बाबतीत मात्र मराठी लिपीने अर्धचंद्राची सोय आधीच करून ठेवली आहे. तोच चंद्र आकाराच्या कान्यावर चढला की घोटाळा होतो, कारण निजण्याची ‘कॉट’ आणि ‘पकडला’ या अर्थाचे इंग्रजी क्रियारूप मराठी तोंडी एकच होतात. लंडनच्या प्रमाण उच्चारात ही दोन निराळी असून पकडले जाणे आणि कोर्ट यांचा उच्चार एकच होतो. उलट लॉस एंजेलिसकडे अनेकांच्या बोलण्यात कॉट आणि पकडले जाणे एक असून कोर्ट वेगळे राहते. त्यामुळे या गुन्ह्यात लंडनला सापडलेल्या मराठी भाषकाने खटला लॉस एंजेलिसला वर्ग करून मागावा, हेच कायदेशीरदृष्ट्या श्रेयस्कर.