रीसेट आणि सुप्रमा

२००३ साली अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग सुरू झालं. पुढे विद्यापीठांनी तिथे चक्क बेटं घेतली, वर्ग भरवले, प्रकल्प व्यवस्थापनाचेसुद्धा. विद्यार्थी मीटिंगला उडत येऊ शकत. आता तर डोळ्यांवर आभासी जगाचा हेडसेट चढवायचा, समोर कामाच्या वेळापत्रकाचा गँट चार्ट तरंगतोय आणि पूल वेळेत पूर्ण! झकास. फक्त तिथे वाळूचा ट्रक घाटात अडकत नाही, मुकादम गावच्या जत्रेला जात नाही, ऐनवेळी साहेबांची बदली होत नाही. तिथे चुकलं की रीसेट. आपल्याकडे चुकलं की ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, वाढीव खर्चासह. हेडसेटमध्ये तेवढं एक बटण बसवा. मग अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणू.