चूक नेमकी कुणाला कळली?

'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' अर्ज भरता भरता पडद्यावर ही ओळ उमटली की माझं डोकं फिरतं. चुका सगळ्याच प्रोग्रॅममध्ये असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला काहीच दुरुस्त करता येणार नाही त्याला ती कळते, आणि ज्याने कोड लिहिला त्याच्यापर्यंत कित्येकदा पोचतच नाही.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ला 'हेल्थकेअर डॉट गव्ह' ही आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली. लाखो लोक आले आणि त्या दिवशी नोंदणी पुरी झाली ६ जणांची. मदतीला धावलेल्या इंजिनिअरांना आढळलं, की साइटवर या घडीला काय चाललंय हे दाखवणारा डॅशबोर्डच नाही. पान उघडायला किती सेकंद लागतात, शंभरातल्या किती विनंत्या फसतात, धड कुणाला सांगता येईना. त्यांनी आधी मोजमाप बसवलं. गूगलमधून आलेले माइकी डिकरसन रोज बैठका घेत. त्यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: बिघाडाची सर्वांत जास्त माहिती ज्याला आहे त्याने बोलायचं, हुद्दा कोणताही असो. नोव्हेंबर संपता संपता चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आत आलं.

नुसत्या सूचना धाडूनही भागत नाही म्हणा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीच्या यंत्रणेने १ ऑगस्ट २०१२च्या सकाळी, बाजार उघडण्याआधीच, कर्मचाऱ्यांना बिघाडाचे ९७ ईमेल पाठवले होते. कुणी दखल घेतली नाही. बाजार उघडल्यावर पाऊण तासात कंपनीचे ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

वेबसाइट बांधणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कॅच ब्लॉक, म्हणजे चूक पकडणारा कोडचा भाग, रिकामा सोडू नका. तिथे चूक गिळली जाते आणि तिचा मागही उरत नाही. प्रत्येक चुकीला क्रमांक द्या, तो वापरणाऱ्याला दाखवा, म्हणजे फोनवर त्याला काहीतरी सांगता येईल. तोच क्रमांक वेळ आणि प्रोग्रॅमच्या आवृत्तीसह सर्व्हरवर नोंदवा; पासवर्ड आणि आधार क्रमांक मात्र त्या नोंदीत कदापि जाऊ देऊ नका. एकाच चुकीचे हजार ईमेल पाठवण्यापेक्षा एक नोंद करा आणि पुढे आकडा वाढू द्या. आणि त्या नोंदीसमोर जबाबदार माणसाचं नाव लिहा. तिथे 'टीम' लिहून चालणार नाही.