पूर्वेच्या दाराशी चपला

तिरुविडैमरुदूरला मी गेलो होतो महालिंगस्वामींच्या दर्शनाला. पण पहिल्या दोन दिवसांत माझा जीव गेला तो जेनरेटर दुरुस्त करण्यात. एकूण अकरा वेळा गेला.

कुंभकोणहून मायिलाडुदुरैच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. माझी आत्येबहीण इथल्या एका तंजावरी मराठी घरात दिली आहे. तंजावरी मराठी म्हणजे सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत गेलेली आणि परतीचं तिकीट न काढलेली मराठी. बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची मराठी मला अर्धी कळते, माझी त्याला अर्धी. त्यामुळे आमचं भांडण कधी पुरं होत नाही.

सुट्टीत तो ‘डेड बाय डेलाइट’ खेळत होता. मॉन्ट्रियलच्या एका कंपनीनं 2016 मध्ये काढलेला हा खेळ. एक किलर, चार सर्व्हायव्हर. चौघांनी मिळून पाच जेनरेटर चालू करायचे, मग फाटकाला वीज येते, फाटक उघडून पळायचं. किलरनं पकडलं की तो खाटकाच्या दुकानातल्यासारखं हुकाला लटकवतो. दोनदा सोबत्यांनी उतरवलं तर उतरवलं. तिसऱ्यांदा लटकलात की वरून कसलेसे काळे पाय येऊन उचलून नेतात. वीज गेली तर आमच्या सोसायटीतसुद्धा असंच वातावरण असतं, म्हणून मी म्हटलं, मलाही एक डाव दे.

“मामा, आधी पर्क निवडा,” तो म्हणाला.

पर्क म्हणजे अंगच्या खुब्या. आहेत शंभराहून जास्त, पण बरोबर नेता येतात चारच; आणि ते चार कप्पेसुद्धा पात्राची पातळी वाढेल तसे एकेक उघडतात. आता, पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत हळद, सुंठ, हिंगाष्टक, दोन टॉर्च, नायलॉनची दोरी आणि दोन किल्ल्यांचं कुलूप होतं. अशा माणसाला चार कप्पे दाखवणं हा अपमान आहे. टॉर्च तरी पर्कात धरू नका, असं मी म्हणून पाहिलं. तो म्हणाला, टॉर्च खेळात वेगळा हातात घेता येतो. तेवढंच समाधान.

मी पहिल्यांदा ‘सेल्फ-केअर’ उचललं. क्लॉडेट नावाच्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईंची ही खुबी; औषधांची पेटी नसली तरी स्वतःची मलमपट्टी स्वतः करता येते. मला हे फार घरचं वाटलं. प्रत्यक्षात ही मलमपट्टी इतकी सावकाश चालते की माझी एक जखम बांधून होईतो तिघे सोबती लटकून मोकळे. “मामा, तुम्ही खेळात दवाखाना टाकलाय,” भाचा म्हणाला. मग मी दवाखाना बंद करून कोपऱ्यात नुसताच उभा राहिलो, तर डोक्यावर कावळे जमायला लागले. हा खेळवाल्यांचाच बंदोबस्त आहे : फार वेळ काही न करता उभं राहिलं की कावळे येतात आणि किलरला पत्ता देतात. पुण्यात पिंडाला एक कावळा मिळायची मारामार, आणि इथं जिवंतपणी तीन.

मग ‘स्प्रिंट बर्स्ट’. ही मेग नावाच्या धावपटू मुलीची. पळायला लागलात की पहिली तीन सेकंदं दीडपट वेग, आणि पुढं निदान चाळीस सेकंद दमछाक. अडचण एवढीच की ती पळायला लागल्याबरोबर आपोआप सुटते. किलर असो वा नसो. मी पलीकडे काय आहे ते पाहायला म्हणून जरा धावलो की तीन सेकंदं संपली; किलर यायचा तो नेमका चाळिसातल्या सातव्या सेकंदाला.

‘स्पाइन चिल’ मी घेतलंच नाही. किलर आपल्याकडे बघत असेल तर ते कळवतं म्हणे. बँकेच्या काउंटरमागे तीस वर्षं काढल्यावर हे वेगळं शिकावं लागत नाही.

भाच्याचं मत निराळं होतं. नवख्यानं पळायची नाही, बघायची खुबी घ्यावी. ‘विंडोज ऑफ ऑपर्च्युनिटी’ घ्या, जवळपासच्या खिडक्या आणि आडव्या पाडायच्या फळ्या भिंतीपलीकडून दिसतात. ‘किंड्रेड’ घ्या, दुसरं कुणी लटकलं की बाकीचे कुठे आहेत ते तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही लटकलात तर सगळ्यांना.

“दुसरा लटकला तर मला काय करायचंय?”

“नवे लोक एक तर तिघेही सोडवायला धावतात, नाही तर तिघेही म्हणतात दुसरा जाईल. जेनरेटर तसाच. कोण जातंय ते दिसलं की उरलेले काम करतात.”

मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. मी मुकाट्यानं किंड्रेड घेतलं. तरी जेनरेटरवर हात थरथरायचे. मध्येच काटा फिरतो, नेमक्या जागी बटण दाबायचं असतं, चुकलं की स्फोट होऊन सगळ्या रानाला कळतं. “येताना वाटेत त्रिभुवन लागलं ना,” बहीण कॉफीचा डबरा पुढं करत म्हणाली, “तिथं उतरायचं होतंस.” तिथल्या शिवाचं नावच कंपहरेश्वर. थरथर घालवणारा.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. श्रीशैलमचा मल्लिकार्जुन तसा हा मध्यार्जुन. अर्जुन वृक्षाखालचा देव. पूर्वेच्या गोपुराबाहेर मी चपला काढल्या. भाचा घरूनच अनवाणी आला होता. मला वाटलं, भक्ती.

दाराशी त्यानं पट्टिनत्तारांची मूर्ती दाखवली. सगळी श्रीमंती सोडून भिक्षेला लागलेला हा साधू पूर्वेच्या दारी बसायचा, आणि त्याचा शिष्य भद्रगिरी, एके काळचा राजा, पश्चिमेच्या. एकदा भिकारी आला तेव्हा पट्टिनत्तार म्हणाले, माझ्याकडे काही नाही, पलीकडच्या दारी एक संसारी बसलाय त्याला माग. संसार कसला, तर एक भिक्षापात्र आणि उरलंसुरलं खायला येणारं एक कुत्रं! भाचा माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होता. तिच्यात दुसरा टॉर्च होता.

आत एक दिवा धरलेली स्त्रीमूर्ती आहे, ती मात्र आपल्या माणसांची. 1798 मध्ये इंग्रजांनी अमरसिंहांना तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजींना बसवलं, तेव्हा अमरसिंह या गावी येऊन राहिले. त्यांच्या मुलाशी, प्रतापसिंहाशी, लग्न व्हावं म्हणून एका मराठा मुलीनं इथं लाख दिव्यांचा नवस केला. नवस फळल्यावर दिवे लावले आणि त्यांतला एक दिवा म्हणून स्वतःचीच मूर्ती उभी करून ठेवली. सरफोजींचं ग्रंथालय जग बघायला येतं. मला ही बाई जास्त आवडली. टॉर्च घेऊन आलेली एकटीच.

दर्शन झालं. मी परत पूर्वेकडे वळलो तर भाच्यानं दंड धरला.

“तिकडून नाही. ब्रह्महत्या बसलीय.”

वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली चुकून एक ब्राह्मण मेला. ब्रह्महत्या पाठीशी लागली, हटेना. राजा पळत या देवळात पूर्वेच्या दारानं शिरला. तिला आत येता येईना, म्हणून ती दाराशी वाट बघत बसली. राजा दुसऱ्या दारानं, पश्चिमेनं, निघून गेला. ती अजून बसलेली आहे, दगडाची होऊन. म्हणून इथं आल्या दारानं परत जात नाहीत. राजाजवळ कुठलाही पर्क नव्हता. देवळाला दारं किती, एवढंच त्याला माहीत होतं.

“अरे, पण माझ्या चपला?”

“पूर्वेला,” तो शांतपणे म्हणाला. “मी म्हणालो होतो, आधी बघायचं.”

पश्चिमेच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा झाले होते, महिना मे. देवळाला वळसा घालून रथाच्या रस्त्यानं पूर्वेला जायचं, आणि डांबर असं तापलेलं की वर डोसा घालावा. मी तीन सेकंदं पळालो. मग शहाळेवाल्याच्या गाडीच्या सावलीत चाळीस सेकंदं उभा राहिलो. परत तीन सेकंदं. एका सायकलच्या दुकानात, एका कोलम काढलेल्या ओट्याजवळ, एका उभ्या बसच्या सावलीत. भाचा मागून सावकाश, रस्त्याच्या कडेच्या सावलीचा पट्टा धरून येत होता.

पूर्वेच्या गोपुरापाशी पोचलो तर चपला जिथल्या तिथं होत्या. उजवीवर कावळा बसला होता.