गोपनीयवाल्याचा कागद

आंबिवलीजवळ मोहन्यातल्या एनआरसी कारखान्याच्या गेटवर कामगारांची सभा असली की पानटपरीला टेकून एक माणूस उभा असायचा. अंगात साधा शर्ट, पायात मात्र खात्याचे तपकिरी बूट. चार घड्या घातलेल्या कागदावर तो भाषण उतरवून घ्यायचा आणि सभा मोडली की वक्त्यालाच गाठायचा, "भाऊ, आडनाव कसं लिहायचं तुमचं?" अख्ख्या मोहन्याला ठाऊक होतं, हा पोलिसांच्या गोपनीय शाखेचा. कारखाना 2009 मध्ये बंद पडला. गेटवर कोण काय बोललं ते आंबिवलीत आता तोंडीच उरलंय. लेखी असलंच तर त्या कागदांत.

ते कागद खुले करा, एवढंच माझं मागणं आहे.

यात जगावेगळं काही नाही. टिळकांच्या मागावर असलेल्या इंग्रजी अमलातल्या पोलिसांचे अहवाल मुंबई सरकारने 1958 मध्ये स्वातंत्र्य चळवळीची साधनं म्हणून छापले. 1982 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांविषयीच्या गुप्त पोलीस नोंदी, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांसह, ग्रंथरूपाने काढल्या. सभा कुठे झाली, किती माणसं जमली, बाबासाहेब काय बोलले, हे अभ्यासक आजही तिथून घेतात.

मग 1947 नंतरचं काय? नेताजींच्या कुटुंबावर स्वतंत्र भारताच्या गुप्तचरांनी 1948 पासून 20 वर्षं पाळत ठेवली, हे लोकांना कळायला 2015 उजाडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या, आणीबाणीच्या, गिरणी संपाच्या काळातले आपल्याकडचे कागद कुठे आहेत?

माहितीच्या अधिकारात मागावेत तर गुप्तवार्ता यंत्रणांना सूट देणारं कलम 24 आडवं येतं. फोन टॅपिंगच्या आदेशांचे कागद तर, कामासाठी लागत नसतील तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे असा नियमच आहे. खासदार असताना आपला फोन 'अमजद खान' या नावाने टॅप झाला, असं नाना पटोलेंनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं. असल्या आरोपाची शहानिशा 25 वर्षांनी कुणाला करायची झाली, तर त्याने काय तपासायचं?

म्हणून आधी हे नष्ट करणं थांबवा. 25 वर्षं झाली की कागद पुराभिलेखागारात द्या. खबऱ्याचं नाव झाका. त्याच्या जिवाचा प्रश्न असतो, हे मला मान्य आहे. बाकी सगळं वाचू द्या.

आमच्या चाळीतले एक जुने कामगार आता ऐंशीच्या घरात आहेत. गेटवर आपण नेमकं काय बोललो होतो, ते त्यांना आठवत नाही. गोपनीयवाल्याने लिहून घेतलं होतं, एवढं आठवतं.