घनमीटरचं पुण्य

पुण्य मिळतं म्हणून पहाटे पाचला कुदळ घेऊन निघेल असा माणूस आमच्या शेंदूरजनाघाटात शोधावा लागेल. पण शेजारच्या गावानं काल आपल्यापेक्षा चार घनमीटर जास्त खोदलं, एवढं नुसतं त्याच्या कानावर घाला. तोच माणूस चारलाच उठतो आणि चहाची वाट न बघता टेकडीवर हजर होतो. वरूड तालुक्यानं हे 2016 च्या उन्हाळ्यात पाहिलं, आणि मनुष्यस्वभावाबद्दल आमच्या ज्या काही उदात्त कल्पना होत्या त्या गुंडाळून ठेवल्या.

त्या वर्षी आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशननं सत्यमेव जयते वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा पहिल्यांदा घेतली, ती राज्यातल्या तीनच तालुक्यांत. साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि आमचं वरूड. पहिले दोन ठीक. दुष्काळ त्यांच्या ओळखीचा. पण विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवून घेणारा तालुका या पंगतीत कसा, याचं बाहेरच्यांना नवल वाटलं. आतल्यांना वाटलं नाही. संत्र्याचं झाड दिसायला सोज्ज्वळ. पाणी प्यायला बसलं की कुणाचं ऐकत नाही. आधी विहिरी झाल्या, मग बोअर, मग त्याच बोअरच्या शेजारी आणखी खोल बोअर. भावानं आठशे फूट मारला की भाऊबंद नऊशे मारणारच. शेवटी वरूड-मोर्शीचं भूजल अतिशोषित ठरलं, नव्या बोअरवर बंधनं आली. ईर्ष्येनं पाणी खाली गेलं होतं, तेव्हा ते वर आणायलाही ईर्ष्याच लागावी, हा न्याय मला तरी रास्त वाटतो.

ज्यानं कुणी या स्पर्धेची आखणी केली त्याला माणूस कळलेला होता. देणगी मागितली नाही. मागितलं काय, तर गावातले पाच जण प्रशिक्षणाला आणि नंतर सगळ्यांचा घाम. पुढे 2017 आणि 2018 ला तारखा होत्या 8 एप्रिल ते 22 मे. म्हणजे पारा 44-45 ला टेकलेला असताना आणि शहाणी माणसं ओला दुपट्टा तोंडावर टाकून कूलरसमोर आडवी झालेली असताना. यात छळ नव्हता, हिशेब होता. रबी निघालेली असते, वावर मोकळं असतं, आणि मृगाच्या आत पाणी अडवणारे चर तयार नसले तर पाऊस थांबणार थोडाच? एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होतं. ते सातपुड्याच्या उतारावरून धावत सुटायचं आणि वर्धा नदीला मिळायचं, आम्ही काठावर उभे राहून टाटा करायचो.

चर कुठं खोदायचा हे सांगायला यंत्र होतं, पण ते पाहून आमच्या इंजिनीअर मंडळींना अपमान वाटला. दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यापासून सुतळीला लोंबणारा दगड. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुना टाकायचा, एक पाय तिथंच ठेवून दुसरा पुढं फिरवायचा. वारा आला की दगड डोलतो, आणि सगळी टोळी तो स्थिर व्हायची वाट बघत गप्प उभी राहते. चार वऱ्हाडी माणसं एकत्र येऊन एवढा वेळ गप्प राहिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्या वर्षीचं 50 लाखांचं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं नेलं. त्याचं इकडे कुणी फार मनावर घेतलं नाही. पण पुढच्या वर्षी ते वर्धा नदीपलीकडच्या आर्वी तालुक्यात, काकडदऱ्याला गेलं, तेव्हा पानठेल्यावर खरी हळहळ झाली. "साताऱ्याले गेलं तं जाऊ दे ना बावा, पन आर्वीवाले?"

तसं बघितलं तर लोकांना कामाला लावणारा कार्यक्रम कसा करावा हे शिकायला आम्हाला मुंबईहून कुणी यायची गरज नव्हती. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्याचे. गावात शिरले की खराटा काढून झाडायला लागायचे. उद्घाटन नाही, प्रास्ताविक नाही. म्हातारा माणूस आपल्या दारापुढचं झाडतोय हे बघून लोक लाजेनं खाली उतरायचे, आणि रात्री कीर्तनाला तेच लोक पुढे बसलेले असायचे. पाया पडायला गेलं तर बाबा काठी उगारत. आता प्रमुख पाहुण्यांनी काठी उगारली तर बरं होईल असे कितीतरी कार्यक्रम मी बसून काढले आहेत.

हे सगळं आठवायचं कारण, यंदा आमच्या इथल्या पोरांनी काहीतरी लक्षात राहील असं करायचं मनावर घेतलंय. पुण्याहून आलेल्या एकानं चॅरिटी वॉक सुचवला. आपण घाटाकडे चालायचं, ओळखीच्यांनी दर किलोमीटरमागे पैसे द्यायचे, पैसे शाळेला. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये 2004 पासून लोक धावून संस्थांसाठी निधी गोळा करतात, हेही त्यानं नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग कलमांची नर्सरी असलेले एक काका म्हणाले, "चालाचे पैसे कोन देते बाप्पा? आमचा सालदार रोज वावरापावतर चालते. त्याले काय चेक द्याचा का?"

यावर पुण्याच्या मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, मी आलूबोंडा खात होतो.

शेवटी असं ठरलं की चालायचं नाही, खोदायचं. नर्सरीवाले एका बाजूला, बगीचेवाले दुसऱ्या बाजूला. एकानं विकलेली कलमं दुसऱ्याच्या बगीच्यात न धरल्याचा राग दोन्हीकडे पुरेसा शिल्लक आहे, त्यामुळे कामाची काळजी नाही. हरलेल्या पार्टीनं रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी द्यायची. घाम गाळायला सगळे लगेच तयार झाले, रोडग्यांच्या गोवऱ्या कुणी आणायच्या तेही मिटलं. बैठक अडली ती मोजमापावर. चर मोजणारा माणूस संत्र्याच्या धंद्यातला नसावा, नर्सरीवाल्यांचा देणेकरी नसावा आणि कोणत्याच पार्टीचा जावई नसावा, अशी अट दोन्हीकडून एकमतानं मंजूर झाली. असा माणूस वरूड तालुक्यात निघतो का, याची चौकशी सध्या चालू आहे. काका म्हणतात, नाहीच निघाला तर मध्यप्रदेशातून आणू. हद्द इथून जवळच आहे.